धक्क्यावरचा सातवा खांब

प्रिय ऋजुता,

धक्क्यावरचे दिवे कसे चाललेत, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी "छान" म्हणालो. ते खरं नव्हतं. आज सगळं लिहितो.

दिवे लागले त्या दिवशी वाडी काय खूश होती! आपली मुलगी पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर आहे, दिव्यांचं सामान तिनेच निवडलंय, हे तुझी आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी मात्र त्याच दिवशी एका खांबाचं झाकण उघडून आतला ड्रायव्हर, मेनची वीज दिव्याला लागेल तशी करून देणारा तो डबा, बघितला. एकतीस वर्षं वायरमन होतो, हात स्वस्थ बसत नाहीत. लेबल वाचलं आणि चरकलो. ड्रायव्हर आयसोलेटेड नव्हता, म्हणजे मेन आणि दिवा यांच्यात आडपडदाच नाही. दिव्यात खारी ओल शिरली तर मेनची वीज थेट खांबात उतरणार. तुला विचारलं तर म्हणालीस, "बाबा, हे हलके आहेत, वीजही कमी खातात. चाचणीत पास झालेत. आणि अर्थिंग आहेच ना?" होतं गं अर्थिंग. पण कातळावरच्या जांभ्यात जेमतेम दोन हात ठोकलेलं. मे महिन्यात तो जांभा विटेसारखा कोरडा पडतो, मग वीज जमिनीत उतरतच नाही.

आगोट जवळ आली, पाऊस तोंडावर आला तसं उधाणाचं पाणी धक्क्यावर उडायला लागलं. सातवा दिवा लुकलुकू लागला. कुत्री त्या खांबाजवळून जाईनात. मग शेजारची चिमा सांगत आली, "काका, त्या खांबाला हात लागला की मुंग्या येतात हो." मी जाऊन टेस्टर लावला. तो पेटला.

तेव्हाच मेन स्विच पाडायला हवा होता, पंचायतीत सांगायला हवं होतं. पण पहिला प्रश्न आला असता, हे निवडलं कुणी? तुझी बढती तोंडावर होती. मी खांबाला जुनं जाळं गुंडाळलं, चिमाला लांबून जायला सांगितलं. तू सुट्टीला आलीस की दोघं मिळून ड्रायव्हर गुपचूप बदलू, असं ठरवलं. आठ दिवस गेले.

परवा संध्याकाळी होड्या लागल्या. लहानपणी तुला कोलंबी सोलून भरवणारी आपली सोनूबाई, टोपली उचलताना तिने आधाराला ओला हात त्याच खांबावर टेकला, जाळ्याच्या वर. मी वीस पावलांवर होतो. कोरड्या वल्ह्याने तिला बाजूला सारलं, छाती दाबत राहिलो. ती उठली नाही.

लोक तिच्या नशिबाला बोल लावतायत. मी ऐकून घेतो. उद्या दहाला विद्युत निरीक्षक माझा जबाब घेणार आहेत. मी आठ दिवस गप्प होतो, हे त्यांना सांगणार आहे. ड्रायव्हर कुणी निवडले, तेही. तुझ्या आईला अजून यातलं काही ठाऊक नाही. हेच ड्रायव्हर आणखी तीन धक्क्यांवर बसलेत, असं तूच म्हणाली होतीस. तिथली वीज आत्ताच्या आत्ता बंद करायला लाव, माझ्या जबाबाची वाट बघू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी पुन्हा गप्प बसेन, म्हणून फोन न करता हे लिहून फोटो पाठवतोय.

तुझाच,
बाबा