भाचीच्या हातात पाय

प्रिय मामा,

काल भाऊबीज झाली. आईनं ओवाळणीचं ताट केलं आणि तसंच झाकून ठेवलं. दरवर्षी तुम्ही वरूडहून संत्री घेऊन अकोल्याला यायचात, आणि ओवाळून झालं की माझ्या पाया पडायचात. आपल्या वऱ्हाडात मामाच भाचीच्या पाया पडतो, तिला आपल्या पायाला हात लावू देत नाही. त्या रिवाजाचा मला फार राग येतोय, म्हणून लिहायला बसले.

मागच्या भाऊबिजेला तुम्ही वाकलात तेव्हा उजव्या मोज्यावर पिवळा डाग दिसला. वासही आला. सर्जरी वॉर्डात इतकी वर्षं ड्रेसिंग करणारी नर्स मी, मला तो वास कळणार नाही का? म्हटलं, "मामा, पाय दाखवा."

"येडी झाली काय? भाचीच्या हातात पाय देऊ? पाप लागते मले."

सगळे हसले. मीही हसले. काहून हसले मी, मामा?

पेटीचा खिळा चपलेतून अंगठ्याखाली घुसला होता आणि तुम्ही दिवसभर संत्री भरत तसेच फिरलात, हे मामीनं नंतर सांगितलं. शुगरनं पाय बधिर झालेला. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे तुमचं शास्त्र!

दोन महिन्यांनी आमच्याच वॉर्डात आणलं तुम्हाला. डॉक्टरांनी जखमेत सळई घातली, ती खट्कन हाडाला लागली, म्हणजे सड हाडापर्यंत पोचली होती. मी डोळे मिटले. तुम्ही मात्र मला विचारत होतात, "चहा घेतला काय बाई तू?"

अंगठा काढला, मागचं सडलेलं हाडही काढलं. पण ड्रेसिंग माझ्याकडून करून घेतलं नाहीत. मी पडद्याबाहेर उभी. हाड पुन्हा सडत गेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापू, जीव वाचेल.

"पाय गेल्यावर तुया पाया कसा पडू मी?" म्हणालात, आणि सही केली नाहीत. मी हात जोडले, भांडले, रडले. माझं काही चाललं नाही. तिसऱ्या दिवशी विष रक्तात भिनलं आणि तुम्ही गेलात.

शेवटचं ड्रेसिंग मीच केलं. तुमची टाच पहिल्यांदा हातात घेतली. खूप भेगा होत्या हो. तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत.

मामीलाही शुगर आहे, आणि तीही पाय साडीत लपवते. दर महिन्याला वरूडला जाईन आणि तिचा पाय मांडीवर घेऊन पाहीन, ती कितीही ओरडली तरी. पाप लागलं तर लागू दे, पाय तर राहील.

तुमची भाची,
मंगल