बटणाला कोण औषध म्हणतं?

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तुला निम्मंच ऐकू येतं. त्यात ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसलो. मला क्रेनवरून खाली उतरवलंय. नशापाणी करून कोणी यंत्र चालवत नाही ना, हे बघायला गोदीत अचानक सगळ्यांची लघवी तपासली. माझ्या पट्टीवर नशेच्या गोळ्यांची खूण निघाली. माझ्या! लग्नातसुद्धा सरबत पिऊन घरी येणाऱ्या माणसाच्या!

सध्या स्टोअरमध्ये बसून दोरखंडांना चिठ्ठ्या लावतोय. तेवीस वर्षं मी वरून सगळ्यांची टाळकी बघितली, आता सगळे माझं तोंड बघतात. डबा खाताना माझ्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही. उरलेला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार आहेत. तिथेही हेच निघालं तर नोकरी गेली. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

लोभ असू दे, निदान तुझा तरी.
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय उलटा शिवला, आता उसवत बसले आहे. तू नशा केलीस हे मला पटवायला तुला आणखी एक जन्म घ्यावा लागेल. पण जरा डोकं चालव. गेल्या काही महिन्यांत कुठलं बटण सुरू केलं आहेस का? आईचा शब्द माझ्या तोंडातून काही जात नाही. गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवायची आणि बटण घे म्हणायची. तू सहा वर्षांचा असताना तापात उठून खरोखरच कोटाचं बटण गिळलं होतंस, आठवतं का?

माझ्याकडे कपडे शिवणारी नर्स सांगत होती की डॉक्टरांनी दिलेल्या काही साध्या गोळ्यांनीही पट्टीवर अशी खोटी खूण उमटते. म्हणून तपासणीआधी फॉर्ममध्ये चालू औषधं विचारतात. तू काय लिहिलंस?

माझं चाललंय. दिवसभर मशीन चालू ठेवते. आवाज कमी येतो, पण थरथर पायाला जाणवते, मग घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

उलट टपाली उत्तर पाठव, लोभापेक्षा ते आधी.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फॉर्ममध्ये मी लिहिलं, औषध काही नाही. आपल्या घरात औषध म्हणजे बाटलीतलं, कडू, नाक दाबून प्यायचं. बटणाला कोण औषध म्हणतं? हो, घेतो एक, आठ महिने झाले. सिगारेट सुटावी म्हणून डॉक्टरांनी दिलंय.

आता सही करून बसलो. मागाहून सांगितलं तर खोटारडाच ठरेन. म्हणून परवापासून ते बटणच बंद केलंय. पुढची तपासणी तरी साफ येईल.

तू नेहमीसारखी माझ्या बाजूने राहा.
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सिगारेट तू अकरा वर्षांपूर्वी सोडलीस. शेवटचं पाकीट माझ्यासमोर मोरीत भिजवलंस. मला कमी ऐकू येतं, आठवतं सगळं.

तुझी बायको जाऊन दहा महिने झाले आणि बटण सुरू होऊन आठ. ते कशाचं आहे हे मला सांगायला नको. लाज वाटली म्हणून लिहिलं नाहीस ना? बाटलीचा विनोद गोदीतल्यांना ऐकव.

तसलं बटण मनाने एकदम तोडायचं नसतं. डोकं जड होतं, काही कारण नसताना रडू येतं. आजच्या आज डॉक्टरांना विचार. आणि त्यांची चिठ्ठी घेऊन गोदीच्या डॉक्टरकडे जा. लाज सांभाळायची आणि नोकरी घालवायची, हे कुठलं शहाणपण?

रागावले आहे. तरी लोभ आहेच, तो काय माझ्या हातात आहे?
ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना विचारून बटण पुन्हा सुरू केलं. चिठ्ठी मात्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिच्यावर कारण स्वच्छ लिहिलंय, पत्नी गेल्यापासून मन उदास. ताई, लाजेपेक्षा भीती होती. उदास माणसाला एवढ्या उंचीवर कोण बसू देईल?

गोदीची डॉक्टरीण माझी मुलगी शोभेल एवढ्या वयाची. तिने चिठ्ठी वाचली आणि घरी कोण असतं ते विचारलं. मी सांगून टाकलं की अजून सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तिने माझ्या डॉक्टरांकडून मी कामाला ठीक आहे असं लिहून मागवलं. काल मोठ्या प्रयोगशाळेचा कागद आला, नशा नाही. छोट्या पट्टीला म्हणे हे बटण आणि ती नशा सारखीच वाटते. सोमवारपासून मी वर. नवीन फॉर्मवर गोळीचं नाव ठळक लिहिलं.

पण काय गं, बटण तोडलं की विनाकारण रडू येतं, हे तुला कसं ठाऊक? शिवणकाम सोडून औषधाचं दुकान काढलंस की काय?

लोभ आणि दटावणी दोन्ही चालू ठेव.
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मशीन थांबवून तुझं पत्र दोनदा वाचलं. फार बरं वाटलं रे.

दुकान काढलं नाही. बटणांच्या डब्यात माझंही एक असतं, पिवळं, आई गेल्यापासून. तीन वर्षं झाली. एकदा मनानेच तोडलं आणि त्या नर्सचं माप घेता घेता तिच्याच खांद्यावर रडले. तिने बिचारीने काही विचारलं नाही, फक्त टेप धरून उभी राहिली. तुला कळवलं नाही, कारण तू वर बसून माझी काळजी करत राहिला असतास. तुला खोटारडेपणाबद्दल झापलं, पण तुझ्यापेक्षा मी तीन वर्षं मोठी खोटारडी.

मी सकाळी आठला घेते. तूही आठलाच घेत जा.

तुला निदान फॉर्म तरी आला. माझं काम घरच्या घरी, मला कोण फॉर्म देणार? तीन वर्षांत, तुला काही चालू आहे का, असं मला एकाही माणसाने विचारलं नाही. चेष्टेत का होईना, तू विचारलंस.

असाच विचारत जा. माझ्या लेखी लोभ म्हणजे तेवढाच.
ताई