आखाजीच्या आधी

२० एप्रिल १९८९, जळगाव

कोकिळा आजही माझ्याकडे शिवण शिकायला आली नाही. बाकीच्या पोरी माना खाली घालून हसत होत्या. शेवटी एक म्हणाली, "मावशी, ती गिरधरच्या मोटारसायकलवर दिसली. मेहरूणच्या तलावाकडे." पंधरा वर्षांची पोर!

शेवटच्या मशीनवर तुळशीचा पाय थांबला. का थांबला ते मलाच ठाऊक. याच गिरधरने तिला सुरतेला साडीच्या दुकानात लावून देतो म्हणून नेलं होतं. दुकान नव्हतंच. कसल्या घरात नेऊन ठेवलं, तिथे तिचं काय केलं, ते परत आल्यावर तिने मला एकदाच सांगितलं. गल्लीला वाटतं, ती मामाकडे आजारी होती.

२२ एप्रिल

कोकिळा आली. हातात नवं घड्याळ. कुठे होतीस, विचारलं नाही. कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे ठेवला. खाता खाता आपणच बोलली — "मावशी, तो म्हणतो, मी हुशार आहे. असं मला कोणी म्हटलंच नाही."

 किती सुबक काजं करते ही! लगेच म्हटलं तिला तसं. केवढी लाजली.

२४ एप्रिल

तिच्या आईला, बेबाबाईला सांगून बसले. डाळमिलमधून दमून आलेली बाई. मला वाटलं, आईच्या कानावर गेलं की पोर वाचली. चुकलं माझं! तिने पोरीला लाटण्याने मारलं. वर मला म्हणाली, "आखाजीले उरकी टाकसू लगीन!"

आखाजी तर आलीच. अक्षय्य तृतीया दोन आठवड्यांवर.

२५ एप्रिल

हे गेल्यापासून एकटीने जेवताना समोर पुस्तक उघडून ठेवते. तेवढीच सोबत. आज पान उलटलं नाही. जेवणही तसंच.

२९ एप्रिल

बेबाबाई पेढे घेऊन आली — "अक्का, स्थळ मिळनं! सुरतनं. हुंडा नको. बठ्ठा खर्च त्यासना, आपली फक्त पोर देवानी."

"कोणी आणलं?"

"गिरधरनी! मी तर त्याले शिव्याच देनार होतू. तो पाया पडना. म्हने, कोकिळा माले बहीणसारखी. तुम्हीच अक्का, उगाच पोरगाले वाईट समजनात."

पोरींना चेव आला. "आता कोकिळीला आखाजीचा झोका कशाला? घोडाच येतोय!" कोकिळाही हसली.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुळशीचं नाव घेतलं असतं तर बेबाबाईने पेढे तिथेच टाकले असते. पण मग तुळशीचं काय? तिचं सगळं नळावरच्या बायकांच्या तोंडी! मी एवढंच म्हटलं, "तो माणूस चांगला नाही."

"कसावरून?"

मी दाराकडे बघत राहिले. नजर तुळशीच्या मशीनकडे जाऊ नये म्हणून.

२ मे

चौकीत जाऊन आले. मुलगी पंधराची आहे, स्थळ आणणारा गिरधर पोरी फसवून नेतो, सांगितलं. जमादार म्हणाला, "आखाजीला अशी किती लग्नं लागतात, बाई! आईची तक्रार आहे? त्या माणसाने नेलेल्या कोणा पोरीची आहे? मग तुम्ही कोण तिच्या?"

मी कोण तिची! दिवसभर तेच डोक्यात.

दुपारी तुळशीने विचारलं, कुठे गेली होतीस. झालं ते सांगितलं. तू बोल, असं म्हटलं नाही. तिच्याकडून आजवर ज्याने त्याने आपलं काम करून घेतलं. मी त्यांच्यातली होणार नाही. पण मग कोकिळाला कोण अडवणार? काही सुचत नाही.

संध्याकाळी कोकिळा भेटली. हळूच म्हणाली, "मावशी, सुरतेलाही तापीच आहे ना? म्हणजे नदी तरी आपलीच." हो म्हटलं. तिचा हात सोडवेना.

५ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

बेबाबाई कोकिळाला लग्नाच्या ब्लाउजच्या मापाला घेऊन आली. मी टेप काढला. तुळशी उठली, टेप माझ्या हातातून घेतला. म्हणाली, "बेबामाय, आधी दार लाव." मी म्हटलं, "तुळशे, नको. तुझ्यावर कोणाची सक्ती नाही." ती म्हणाली, "माले माहीत शे."

आणि बोलली. गिरधरने काय कबूल केलं होतं, कोणत्या बाईच्या हवाली केलं, दाराला बाहेरून कडी कशी असायची. बेबाबाईच्या डोळ्यांत बघून बोलली. कोकिळाने मधेच घड्याळ काढून खाली ठेवलं.

बेबाबाईने आधी तुळशीला जवळ घेतलं. आपल्या पोरीला नंतर. "मन्ही माय वं," एवढंच म्हणत होती.

लग्न मोडलं!

७ मे

गल्लीत कळलं. कोणाकडून, देव जाणे. नळावर तुळशी आली की बायका घागरी बाजूला ओढतात. कोकिळाने आपली घागर तिच्या घागरीला टेकवून ठेवली. मी घरात येऊन रडले. किती दिवसांनी!

८ मे, आखाजी

निंबाला झोका बांधलाय. पोरींची गाणी इथवर ऐकू येतात. तुळशी वेणी घालून दारात उभी. मला वाटलं, झोक्यावर निघाली.

म्हणाली, "मावशी, चौकीमा चाल. तक्रार मन्ही शे."