गार हात

दि. ४ मे

चि. ठकू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा घामाने कागद मनगटाला चिकटला, शाई पसरली. मुळात माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर त्याहून कमी शिकलेलं. पण फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. तू बोलतेस, मी हो हो म्हणतो, आणि नंतर खालच्या शिंपीणबाई सांगतात की तू प्रश्न विचारला होतास. म्हणून पत्रच बरं.

तुझ्या आईचं हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणतात. औषधं वेळेवर देतो. छातीला गारठा लागू देऊ नका, असं त्यांनी जाताना मला पुन्हा दारात बजावलं. मला तर हसूच आलं. आपली खोली गच्चीखालची. दुपारी छत असं तापतं की भिंतीला पाठ टेकवत नाही. या उकाड्यात गारठा आणायचा कुठून?

रात्री तिला आडवं झालं की धाप लागते, त्यामुळे ती उशीला टेकून बसून असते. दुपारी तरी डोळा लागला पाहिजे. तोही लागत नाही. परवा तिने डोळे मिटूनच माझा हात मागितला. कारखान्यातून आल्यावर ठेवायचात तसा कपाळावर ठेवा, म्हणाली. तुला आठवत असेल, बर्फाच्या लाद्या ओढून ओढून माझे हात तेव्हा उन्हाळ्यातसुद्धा गार असायचे. मी ठेवला. तिने डोकं जरासं बाजूला घेतलं. ठकू, काम सुटलं तसे हातही कोमट झाले, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणला. मोरीत बादली ठेवली, दार लोटून घेतलं, हात बुडवले, पुसले आणि मग तिच्याजवळ गेलो. आता कसा तुमचा हात वाटतोय, असं म्हणाली आणि झोपलीसुद्धा! तेव्हापासून रोज हेच चाललंय. तिला यातलं अवाक्षर सांगू नकोस.

तुझा आठवा महिना आहे. जिने चढू नकोस, पाणी पीत राहा. माया आहेच, ती उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

*

दि. १० मे

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लहानपणी तुम्ही कामावरून आलात की मी तुमचा तळहात गालाखाली घेऊन झोपायचे. आई ओरडायची की त्यांना आधी जेवू दे. तुम्ही डाव्या हाताने जेवायचात, पण उजवा काढून घ्यायचा नाहीत.

आता मुकाट्याने ऐका. खिडक्या उन्हं चढायच्या आत बंद करा आणि पडदे ओढून घ्या. तुम्ही हवा यावी म्हणून भर दुपारी सताड उघडता आणि येते ती झळ. संध्याकाळी समोरासमोरच्या दोन्ही उघडा, म्हणजे वारा खेळेल. खिडकीला ओली चादर लावा, आईचे तळपाय ओल्या फडक्याने पुसत जा. त्या जाड गादीवर जुनं सुती लुगडं अंथरा. पंखा थेट तिच्या अंगावर नको.

आणि बर्फात हात फार वेळ ठेवू नका. तुमची बोटं आधीच सुजतात. आईला झोपवायच्या नादात स्वतःची मूठ वळेनाशी करून घ्याल.

डॉक्टर मला प्रवास करू देत नाहीत. आईला सांगा, बाळ झालं की लगेच घेऊन येते, तोवर वाट बघ म्हणावं. जीव तुमच्या दोघांपाशीच आहे.

तुमची,
ठकू

*

दि. २ जून

चि. ठकू हिस,
अ. उ. आ.

शिंपीणबाईंनी फोन माझ्या कानाला लावला होता, पण मला तुझं रडणं घरघरीसारखंच ऐकू आलं. नेहमीसारखं हो हो म्हणालो. ते मनावर घेऊ नकोस.

दुपारची वेळ होती. तू सांगितल्याप्रमाणे पडदे ओढले होते, चादर ओली होती. माझा हात कपाळावर होता आणि ती झोपली होती. मला वाटलं, आज चांगली गाढ लागली. हात कोमट झाला म्हणून पुन्हा मोरीत गेलो, बुडवून आलो, परत ठेवला. त्यानंतर केव्हातरी मला कळलं. शेजारचे आले तेव्हाही मी तसाच बसलो होतो.

आता एक विचारतो, खरं सांग. मी बाप आहे म्हणून गोड बोलू नकोस. डॉक्टर गारठा लागू देऊ नका म्हणाले होते आणि मी महिनाभर बर्फाचे हात तिच्या डोक्यावर ठेवत होतो. तो गारठा कपाळातून छातीत उतरला असेल का? इथल्या डॉक्टरांना विचारायला त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि माघारी आलो. ते हो म्हणाले तर काय करू? तुझे दिवस भरत आलेत, तुला हे लिहू नये, कळतं मला. पण दुसऱ्या कुणाला विचारू?

लोभ ठेव, एवढंच मागतो.

बाबा

*

दि. १९ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली हे शिंपीणबाईंकडून कळलंच असेल. मी उठून बसू लागले आणि पहिलं हेच पत्र लिहायला घेतलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी साफ सांगितलं की कपाळावरचा हात छातीत उतरत नाही, आईचं हृदयच थकलं होतं. गोड बोलत नाहीये, बाबा. तुमच्या नातीची शपथ.

दुसरं सांगू की नको, असं झालंय. आईला सगळं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही बर्फ आणायला खाली गेलात की शिंपीणबाई फोन घेऊन वर यायच्या आणि ती माझ्याशी बोलायची. म्हणाली, बर्फाच्या कारखान्याला मासळीचा वास कधीपासून यायला लागला? बाह्या कोपरापर्यंत ओल्या, बोटं लाल, आणि वर तोंड कसं तर काही घडलंच नाही असं! इतकी हसली की तिला धाप लागली.

मी म्हटलं, मग त्यांना थांबव. तर नको म्हणाली. तिच्या मते थांबवलं असतं तर तुम्ही दिवसभर नुसते भिंतीकडे बघत बसला असतात. म्हणून ती तुमचा हात ठेवला की लगेच डोळे मिटून घ्यायची, म्हणजे तुम्हाला बोटं मोकळी करता येतील. झोपेचं सोंग होतं ते. पण मागाहून एकदा म्हणाली की सोंग करता करता हल्ली खरंच डोळा लागतो गं.

कुणाला सांगू नकोस असं तुम्ही दोघांनीही मला बजावलं होतं. मी दोघांचंही ऐकलं.

बाळ दुपारभर रडतं. सगळे उपाय केले. तुम्ही या. तुमची वाट बघणारी

ठकू

*

दि. २५ जून

चि. ठकू हिस,
तुला आणि बाळीला अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचून आधी तुझ्या आईचा राग आला. इतकं सोंग! मग तो राग कुणाला दाखवायचा ते कळेना, म्हणून पडदे ओढून बसलो.

मासेवाला अजून रोज तुकडा बाजूला काढून ठेवतो. त्याला नको म्हणायला तोंड उघडत नाही, घेऊन येतो. बादली भरतो, हात बुडवतो, आणि मग ते गार हात घेऊन खोलीत उभा राहतो. एकदा स्वतःच्याच कपाळावर ठेवून पाहिला. आपलाच हात आपल्याला काही तसा लागत नाही. झोप आली नाही.

तू बोलावतेस, पण मला धास्ती वाटते. गाडीत कानाला काही ऐकू येणार नाही, उतरायचं ठिकाण चुकेन. माझे तळहात खरखरीत, आणि तिची टाळू अजून भरलेली नसेल. तिथे जवळपास मासेवाला आहे का? नसला तर बरंच, नाहीतर पोरगी पहिल्याच दिवशी मला वासावरून पकडायची, आजीसारखी.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. फक्त तुमच्या नळाला दुपारी पाणी कसं येतं, गार की कढत, तेवढं उलट टपाली कळव. उशीर करू नकोस.

तुझा,
बाबा