आधी राउटर बंद कर

गंधाली,

दार वाजवू नको, हाकही मारू नको. मी आतल्या खोलीत दाराशीच बसली आहे, अन् फोनवर वर्दीतला एक माणूस मले पाहून राहिला. सकाळपासून व्हिडिओ कॉल चालू आहे. माझ्या आधार कार्डावर कुठं तरी नशेचं पार्सल सापडलं म्हणते. खोलीतून बाहेर गेली तर अटक, घरात कोणाले सांगितलं तर तुझ्या पप्पालेही अटक. "मॅडम, बयान लिखिए," म्हणाला, म्हणून कागद-पेन घेऊ दिलं. त्याले वाटते मी बयानच लिहून राहिली. हा कागद फटीतून सरकवते.

तुले मीच शिकवलं ना, कोणी 'घर में मत बताना' म्हणलं का आधी घरी सांगायचं? म्हणून सांगून राहिली. पण बेटा, तो खरा पोलिस असंल तर? मले अजूनही समजत नाही. कॉल कापायले बोट जाते अन् परत येते. आता तो बँकेचं ॲप उघडायले सांगून राहिला.

पप्पाले नवा रायपुरच्या ऑफिसात फोन लाव. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे ना, १९३०, त्यालेही लाव, पण अंगणात जाऊन.

त्याच्या आधी हॉलमधलं राउटर बंद कर. माझा रिचार्ज संपला, फोन वायफायवरच चालू आहे. तुझ्या हातातून फोन सुटत नाही तेव्हा मी करते तसंच कर, खट्कन, न विचारता. अन् मी आतून कितीही ओरडली तरी चालू करू नको.

मम्मी