सुमीचं नाव काढलं

११ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा
कांजण्यांनी सुमी तीन आठवडे घरी होती. आज शाळेत गेली, तर हेडमास्तरांनी वापस पाठवली. हजेरी कमी, आठवीच्या बोर्डाले बसू देत नाही म्हणे. सुट्टीचा अर्ज आम्ही दिला होता, पण मराठीत होता म्हणून कोणी वाचलाच नाही. असा संताप आला! उद्या मीच जाते.

१२ नोव्हें.
गेली. हेडमास्तर सागर जिल्ह्याकडले, मराठीचा गंध नाही. मीही मंग हिंदी झाडली. सांगायचं होतं, पोरगी हुशार आहे, शाळेचं नाव काढन. म्हटलं, "सर, लड़की नाम निकालेगी."
ते म्हणे, "सोच लिया है?"
म्हटलं, हाव, एकदम पक्का.
बाबूले बोलावलं, कागद केला, हातात दिला. मले वाटलं परीक्षेची परवानगी. न वाचताच ठसक्यात घरी आली. सुमीचे बाबा पोस्टातल्या ड्यूटीवरून आले, त्यांनी कागद वाचून पाहिला, तर शाळा सोडल्याचा दाखला! हे हसले, म्हणे हिंदीत 'नाम निकालना' म्हणजे शाळेतून नाव कमी करणं. सुमी रडून राहिली. माह्या तोंडाले आता काय म्हणू.

१४ नोव्हें.
हे शाळेत जाऊन आले. हेडमास्तर म्हणे, माफीचा अर्ज द्या, नाव परत लिहू, पण आठवी पुढच्या साली. म्हणजे वर्ष गेलं. चूक माही, भोगन पोरगी. मले नाही मंजूर.

१५ नोव्हें.
यांचे पोस्टमास्तर म्हणे, घरी शिकवा, प्रायवेट फॉर्म भरा, शाळेत न जाता यंदाच परीक्षेले बसता येते. यांले पटून नाही राहिलं. म्हणे, "शाळेतून घरी बसली की पोरगी चुलीपाशी जाते, मंग पाहुणे पाहाले येतात." खरं आहे, दोन पोरींचं तसंच झालं आमच्या गल्लीत. पण त्यांची माय मी नव्हती.

२० नोव्हें.
शिकवणं सुरू. मी सातवी पास, तेही नरखेडले, मराठीतून. अन् इथं बीजगणित हिंदीत. सुमी वाचते, मी मराठीत फोड करते, दोघी पाटीवर सोडवतो. आज एक गणित सुमीच्या आधी माहं सुटलं. दिवसभर खुशीत होती.

२६ नोव्हें.
हे सौसरहून फॉर्म घेऊन आले. फॉर्म भरायचा की माफीचा अर्ज द्यायचा, शनिवारपर्यंत ठरवा लागते. सुमीले विचारलं.
म्हणे, "घरी शिकीन. पण आई, तूही आठवीले बैस. मंग घरी बसली असं मले कोणी म्हणणार नाही."
मी हसण्यावारी नेलं. चौतीस वर्षांची बाई, पोरांच्या रांगेत! हे काही हसले नाही. जेवता जेवता विचारलं, तुहा सातवीचा दाखला कुठं आहे.
पेटीत आहे, लग्नाच्या साडीखाली. मले ठाऊक आहे. अजून सांगितलं नाही.