रात्रीच्या फेऱ्या वगळून

८ जानेवारी १९९६, सोमवार
नवी वही. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्याचं रजिस्टर तीस वर्षं ठेवलं, एक खाडाखोड नाही. आता स्वतःचं ठेवतो.
कारण लिहून ठेवलेलं बरं. पद्माचं वर्षश्राद्ध ९ फेब्रुवारीला, सांगलीला, अवधूतच्या घरी. डिसेंबरच्या मासिक श्राद्धाला मी मध्येच दोनदा लघवीला उठलो. आमच्याकडे सोवळं कडक. उठलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा ओलं धोतर, पुन्हा संकल्प. गुरुजींचं पुढचं घर चुकलं. काल अवधूतचा फोन. म्हणाला, वर्षश्राद्धाला मी बसतो, बाबा तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन बसा.
खुर्चीवर पाहुणे बसतात. तेहतीस वर्षांचा संसार माझा. पाटावर मीच बसणार. दोन तास, न उठता.
आजच्या फेऱ्या १४. (रात्रीच्या वगळून. झोपेत घेतलेली नोंद विश्वासार्ह नसते.)

९ जानेवारी
रात्रीच्या फेऱ्यांबद्दल खुलासा. त्या मुळात माझ्या नाहीत. पद्माची झोप फार सावध होती. बारा, दोन, साडेतीन, पाच, अशी रोज उठायची आणि दिवा लावायची. उजेडाने मला जाग यायची. जागे झालोच आहोत तर जाऊन यावं, एवढंच. ती गेली, वेळा तशाच राहिल्या. सवय लागली की लागते. तिला त्यावरून कधी बोललो नाही.
फेऱ्या १३. सुधारणा दिसते.

११ जानेवारी
शेजारचे लालासाहेब आले. दहिवडीकडचे, मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर. गेल्या वर्षी मिरजेला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दुसरा विषय नाही. मी चहा करायला गेलो, वाटेत मोरीत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. ते घड्याळ बघत होते.
म्हणाले, "आवं पंत, धार कशी पडतीया? थेंब थेंब करत आसंल तर ती गाठच हाय. मिरजंला चला. माझं बघा आता, लय झ्याक."
काय बघायचं ते विचारलं नाही. हिवाळा आहे, घाम येत नाही, ते पाणी कुठून तरी जाणारच, असं त्यांना समजावून सांगितलं. पाण्याच्या खात्यात माझी नोकरी झाली आहे, त्यांची नाही.

१५ जानेवारी
लालासाहेबांचं तोंड बंद व्हावं म्हणून इथल्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण आहेत. सांगितलं की पुरुषांना मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, उतारवयात हार्मोन्समुळे ती वाढते आणि वाट अडवते. मी म्हटलं, हार्मोन्स बायकांना असतात. ते म्हणाले, सगळ्यांना असतात. आमच्या घराण्यात कोणाला नव्हते.
मग म्हणाले, बोटाने तपासावं लागेल, आणि हातमोजा काढला. त्याच क्षणी मला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. लगेच निघालो.
घरी आल्यावर लक्षात आलं की आज दूध आणलंच नव्हतं. वयोमानाने विसर पडतो. हे खरं हार्मोन्सचं काम असेल.

१७ जानेवारी
सराव सुरू. पद्माच्या फोटोसमोर पाट, ओलं धोतर, घड्याळ. बसलो ३५ मिनिटं. मध्ये एकदा उठलो, पण ते फोनसाठी. फोन वाजला नव्हता, वाजेल असं वाटलं.
नियम: दुपारी चारनंतर पाणी बंद. चहा चालेल, चहा म्हणजे पाणी नव्हे. सकाळी भोपळ्याच्या बिया एक मूठ.

२१ जानेवारी, रविवार
५० मिनिटं. उठलो की नियमाप्रमाणे पुन्हा गार पाण्याने अंघोळ, म्हणजे शरीराला वचक बसतो. आज चार अंघोळी झाल्या. वचक अजून बसायचा आहे.
अवधूतला फोनवर सांगितलं की तब्येत उत्तम, पाट माझाच. तो म्हणाला, बाबा, एकदा नीट दाखवून घ्या. मी म्हटलं, दाखवलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. हे अक्षरशः खरं आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो. राष्ट्रगीत सुरू झालं आणि कसोटी आली. पूर्ण सावधान उभा राहिलो. नंतर मैदानाच्या मागे जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो. सुरुवातच होईना. गेट उघडलं तरी कालव्याच्या टोकाला पाणी पोचायला वेळ लागतो, तसंच हे.
परतलो तर लालासाहेब वाट बघत उभे. म्हणाले, "पंत, झेंडा बी उतरला आसता एवढ्यात."

२ फेब्रुवारी
१ तास १० मिनिटं. विक्रम. सर्दी झाली आहे. अंघोळींचा संबंध नसावा.

७ फेब्रुवारी, सांगली
साताऱ्याहून एस.टी.ने आलो. लालासाहेबांना मिरजेला दाखवायचं होतं म्हणून बरोबर आले. त्यांनी सातारा ते कराड आपल्या ऑपरेशनची हकिकत मागच्या तीन बाकांना सांगितली. गाडी वाटेत दोनदा जास्तीची थांबली. ती माझ्यासाठी थांबवली असा प्रवाशांचा गैरसमज झाला. गाडी थांबली होती म्हणून मी उतरलो. लालासाहेब कंडक्टरच्या कानात काही बोलले होते, त्याची मला माहिती नाही.
मिरजेला जाताना त्यांनी अवधूतच्या घरचा नंबर मागून घेतला आणि आपल्या भाचीचा, जिथे उतरणार होते तिथला, मला दिला. लागणार नाही म्हणालो. घेतला.

८ फेब्रुवारी
सर्दी वाढली. श्राद्धात शिंका नकोत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दिवसाला दोन, असं दुकानदार म्हणाला. प्रसंग मोठा, म्हणून रात्री दोन घेतल्या, पहाटे दोन घेणार.
अवधूतने पुन्हा विचारलं. पाट माझा, असं सांगितलं. सूनबाईने गुपचूप एक खुर्ची पुसून ठेवली आहे. पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

९ फेब्रुवारी, दुपारी २
जिंकलो. दोन तास दहा मिनिटं. एकदाही उठलो नाही. उठावंसं वाटलंच नाही! पिंडावर पाणी सोडताना तेवढं घड्याळ बघायचं राहिलं. गुरुजी म्हणाले, आज अगदी यथासांग झालं. अवधूतने उठायला हात दिला. पद्माचं नीट झालं.
निश्चयापुढे हार्मोन्स काय करणार.

दुपारी ४.३०
सकाळी सहापासून फेऱ्या ०. तीस वर्षांत एवढी गळती कोणी थांबवली नसेल.

संध्या. ६
अजून ०. पोटाला तडस. वडे जास्त झाले.

संध्या. ७.१५
जाऊन उभा राहिलो. काही नाही. नळ सोडून आवाज ऐकत उभा राहिलो. नळ चालला, मी नाही.

७.४०
बसवत नाही. उभं राहवत नाही. अवधूतला लालासाहेबांना फोन लावायला सांगितलं. सहज, चौकशी म्हणून.

११ फेब्रुवारी, मिरज
परवा रात्रीपासून वहीला हात लावता आला नाही. सांगली ते मिरज रिक्षाने आलो. त्या रस्त्यावर एवढे खड्डे आहेत हे आजवर माहीत नव्हतं. लालासाहेब हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊनच उभे होते.
नळी घातली. अकराशे मिली. आकडा मी पुन्हा तपासायला लावला, बरोबर निघाला. इथले डॉक्टर म्हणाले, गाठीने वाट आधीच अरुंद झाली होती, सर्दीच्या गोळ्यांनी ती पूर्ण बंद केली. म्हणजे पाटावर निश्चय बसला नव्हता. तुंबलेलं धरण बसलं होतं.
त्यांनी हातमोजा काढला. दूध आठवून बघितलं. उपयोग नव्हता, नळी लावलेली होती.

१२ फेब्रुवारी, सोमवार
ऑपरेशन गुरुवारी. सही केली.
अवधूत उशाशी होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, रात्री किती वेळा उठायचे? मी सांगू लागलो, की खरं तर आमच्या मंडळींची झोप सावध होती.
तो म्हणाला, "आईला झोपेचा काही त्रास नव्हता, बाबा. तुम्ही कुशीवर वळलात की तिला कळायचं. तुम्ही उंबऱ्याला अडखळाल म्हणून ती आधी उठून दिवा लावायची. डॉक्टरकडे चला म्हटलं तर रागवाल, म्हणून मला सांगायची."
डॉक्टर कागदावर लिहू लागले.
दुपारी रजिस्टर काढलं. पहिल्या पानापासून दुरुस्ती केली. रात्रीच्या फेऱ्या धरल्या. सरासरी १८. तीस वर्षांत नाही ती खाडाखोड झाली.
रात्री सिस्टर दिवा मालवायला आली. म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, आजोबा, नळी आहे, तुम्हाला उठायचं नाही, मग दिवा कशाला?
आमच्या मंडळींची सवय आहे, म्हणालो.